हट्टीच्या कॅम्पातले फोटो

मराठवाड्यात सोन्याची खाण नाही. आमच्याकडं सोनं असतं ते सराफ्यात, लग्नाच्या यादीत आणि पाऊस गेला की बँकेकडं गहाण. पण आमच्या राज्यात एक सोन्याची खाण होती. राज्य म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हैदराबाद. 1956 पर्यंत नांदेड, उस्मानाबाद आणि रायचूर हे जिल्हे एकाच सरकारच्या हुकमाखाली होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतला एक तालुका; त्याचा जिल्हा 1982 मध्ये झाला. आणि रायचूर जिल्ह्यातल्या लिंगसुगूर तालुक्यात आहे हट्टी. आज देशात जमिनीखालून सोनं काढणारी मोठी म्हणावी अशी तेवढीच एक खाण उरली आहे, कारण कोलार 2001 मध्ये बंद पडलं. माझे आजोबा, आईचे वडील, या हट्टीच्या खाणीत टाइम ऑफिसात कारकून होते. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच तिचं काही वाटत नव्हतं.

आई गेल्यावर लातूरच्या घरातलं कपाट आवरताना अल्बम निघाला. काळ्या जाड पानांचा, मधे तलम कागद, फोटोंच्या चारी कोपऱ्यांना खळ लावलेली त्रिकोणी टोपडी. निम्म्या जागा रिकाम्या होत्या. टोपडी शाबूत, मधला फोटो गायब. असे फोटो वाटण्यांमध्ये जातात. जमिनीच्या वाटण्यांचे कागद तरी असतात, फोटोंच्या वाटण्या तोंडी होतात. काही किल्लारीला आजीच्या धाकट्या भावाकडं गेले होते, बाकीचे नांदेडला मावशीकडं. म्हणून मी निघाले: आधी किल्लारी, मग उदगीर-देगलूरवरून नांदेड. सरळ अहमदपूर-लोह्यावरून गेलं असतं तर नांदेड लवकर आलं असतं, पण देगलूरकडचा रस्ता का घेतला ते पुढं येईलच.

निघण्याआधी एक काम होतं. फोटोंच्या मागं आजोबांनी शाईनं काहीबाही लिहिलेलं होतं, उर्दूत. आजोबा नांदेडला उर्दूतून शिकले. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी माणसांची सही, हिशेब, पत्रं सगळं उर्दूत. पुढच्या पिढीत अक्षर ओळखणारं कुणी नाही. गंजगोलाईच्या एका बोळात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात असं कळलं, तिकडं गेले. ही गोलाई 1917 ची, मधोमध देवीचं मंदिर आणि भोवतीनं सोळा रस्ते फुटलेले. आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या वास्तुविशारदाचा. एका रस्त्यावर सोनं, एकावर कापड, एकावर गूळ आणि मिरची. गुरुजींनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश वाचलं: "हट्टी. बच्चे रेत पर. बहमन 1359 फसली."

फसली सन हा निजामाच्या महसुलाचा सन. तो ऑक्टोबरात, आज़ूर महिन्यात सुरू होई. बहमन हा त्यातला तिसरा महिना. आकड्यात 590 मिळवले की 1949 चा डिसेंबर येतो. निजामाची सत्ता जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, पण कारकुनाच्या हाताला सन जुनाच.

फोटोत चार मुलं एका उंच, पांढुरक्या ढिगावरून घसरतायत. सगळ्यात पुढं फ्रॉक वर धरून मावशी. ढीग समुद्रावरच्या वाळूचा वाटावा इतका मऊ. रायचुरात समुद्र कुठला. तो ढीग खाणीतून निघालेल्या दगडाच्या पिठाचा होता, सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या गाळाचा. सोन्याच्या खाणीत दगड आधी फोडतात, मग दळतात, मग त्या पिठातलं सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवून वेगळं काढतात. उरतं ते बाहेर ओततात. कोलारला असल्या ढिगांना सायनाइडच्या टेकड्याच म्हणतात. आजोबांनी कौतुकानं लिहिलंय, बच्चे रेत पर.

लातूरहून किल्लारीला जायला औसा लागतं. औशाचा किल्ला डावी-उजवीकडं कुठं दिसतो यावर गाडीत एकमत होत नाही, तेवढ्यात गाव मागं पडतं. पुढं सगळी काळी रानं, सोयाबीन आणि तूर. आजोबांचं गाव याच तालुक्यात. 1956 च्या नोव्हेंबरात भाषावार राज्यं झाली, रायचूर म्हैसूर राज्यात गेला आणि मराठवाडा मुंबई राज्यात. आजोबांनी नोकरी सोडून गावची शेती धरली. त्यांच्या नोकरीच्या दाखल्यावर कंपनीचं नाव हैदराबाद गोल्ड माइन्स असं आहे. ही कंपनी 1947 मध्ये निघाली आणि 1956 मध्ये तिचं नाव हट्टी गोल्ड माइन्स झालं. म्हणजे ज्या वर्षी आजोबांचं राज्य गेलं, त्याच वर्षी त्यांच्या कंपनीचं नावही बदललं. दाखला दाखवून पुढं कुठं नोकरी मागायची म्हटली तरी पंचाईतच होती.

जुनं किल्लारी आता गाव नाही. स्मृतिस्तंभ आहे, बाभळी आहेत, मधेमधे जोत्याचे दगड. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी इथं जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी; गणपती बुडवून दमलेली माणसं घरात गाढ झोपली होती. घरं दगड-मातीची, दोन-दोन हात जाड भिंतींची, वर माळवद. माळवद म्हणजे सागाच्या तुळयांवर घातलेली मातीची सपाट छपरं. उन्हाळ्यात त्यांच्यासारखा गारवा कशात नाही. त्या पहाटे तीच माती अंगावर आली. सरकारी आकडा सुमारे आठ हजार मृत्यूंचा आहे. लातूर-उस्मानाबादची 52 गावं उठवून दुसरीकडं बसवली.

आजीच्या भावाचं घर त्यातच गेलं. मामा-आजोबा वाचले ते त्या रात्री शेतावर होते म्हणून. ते आता नाहीत, त्यांचा मुलगा नव्या किल्लारीत राहतो. त्यानं चहा केला, जुन्या जागेवर नेलं, एका बाभळीशी थांबून म्हणाला, "ही ढेलज. इथं उजव्या भिंतीला तुमचे फोटो होते." फ्रेमा चार होत्या असं त्याला आठवतं. एकात त्याची आत्या, म्हणजे माझी आजी, दुसऱ्यात लोखंडी पाळण्यासारखं काहीतरी आणि त्यात उभी माणसं. काही सापडलं का, हे विचारायला जीभ रेटेना. तोच म्हणाला, "ताई, आम्ही माणसं शोधत होतो."

खरं आहे. पण त्या पहाटे 52 गावांतल्या भिंतींवर किती फोटो असतील, आणि त्यांतली माणसं जगातून दोनदा गेली, हा विचार मनातून हलत नाही.

किल्लारीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं इथं 617 मीटर खोल भोक पाडलं. पठारावर भूकंप होत नाहीत अशी समजूत होती, तेव्हा खाली आहे तरी काय हे बघायचं होतं. 338 मीटरपर्यंत आपला नेहमीचा काळा पत्थर लागला, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. त्याच्याखाली गाळाचा पातळ थर, आणि मग पाया, ग्रॅनाइटी जातीचा, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. हट्टीचं सोनं ज्या खडकांच्या पट्ट्यात आहे तोही याच जुन्या कुळातला. फरक एवढाच की रायचूरकडं तो उघड्यावर आहे आणि लातूरवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचं झाकण बसलं.

हे झाकण कुठं संपतं ते डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून देगलूरचा रस्ता. उदगीरपर्यंत सगळं ओळखीचं: काळी माती, ऊस, किल्ल्याची तटबंदी. मुक्रमाबादच्या पुढं हळूहळू माती तांबूस होऊ लागते. देगलूर जवळ आलं की शेतांच्या मधोमध गोल गुळगुळीत धोंडे दिसायला लागतात, एकावर एक रचल्यासारखे. बोलण्यात तेलुगू शब्द येतात, भाताची खाचरं दिसतात. नांदेड जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात लाव्हा संपून जुना खडक वर आलेला आहे. मी एका धोंड्याला हात लावून पाहिला. गुलाबी, करकरीत, मधे काळे ठिपके. शेजारी शेळ्या राखणाऱ्या बाईनं विचारलं, "दगडाला काय बघायलाव?" सोनं म्हणाले. ती म्हणाली, "असतं तर आम्ही शेळ्या राखल्या असत्या का?"

मावशी जुन्या नांदेडात, होळीवर राहते. ऐंशी ओलांडली आहे, पण आवाज खणखणीत. मी पोहोचण्याआधीच तिनं पत्र्याची पेटी बाहेर काढून ठेवली होती. बिस्किटांचा जुना डबा, त्यात फडक्यात बांधलेले फोटो. मला बसूही दिलं नाही.

"आधी हे बघ. ही तुझी आजी. काय बघायचं सांगू का? गळा बघ."

फोटो कॅम्पातल्या घरासमोरचा. एकसारख्या बुटक्या घरांची ओळ, मागं लांबवर लोखंडी मनोरा, वर चाकं. शाफ्टवरचा तो मनोरा. त्याच्या चाकांवरून दोर खाली जातो आणि माणसांचा पिंजरा, केज, वरखाली होतो. आजी इरकली लुगड्यात. इरकल तिथून जवळच, त्यामुळं लुगडी स्वस्त मिळत, हे मावशीचं पहिलं वाक्य. दुसरं गळ्याविषयी. पुतळ्यांची माळ, पाच तोळ्यांची, लग्नात माहेरनं घातलेली. खाणीतलं सोनं तिच्यात गुंजभरही नव्हतं. सोन्याच्या खाणीतल्या माणसाच्या घरात खाणीचं सोनं कसं येणार? पाळी सुटली की झडती. वरपासून खालपर्यंत, डब्यासकट.

मी मनात हिशेब केला. पाच तोळे म्हणजे साधारण 58 ग्रॅम. टनाभर दगडामागं चार-पाच ग्रॅम सोनं निघतं असं धरलं, तर आजीच्या गळ्यातल्या माळेसाठी बारा ते पंधरा टन दगड फोडून दळावा लागेल. मालमोटार भरून दगड आणि गळ्यात एक माळ. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "मग ती विकली तेव्हा एवढा दगड परत आला असंल."

हे ती सहज बोलली, पण खरंच तसं झालं. 1972 च्या दुष्काळात आजोबांनी ती माळ लातूरच्या सराफ्यात विकली आणि शेतात विहीर खोदायला घेतली. सुरुंग लावून, पहारी घालून पन्नास फूट. पहिल्या परसानंतर सगळा काळा पत्थर. पाणी आलं नाही. गावातल्या बाया तेव्हा सरकारी कामावर खडी फोडत होत्या. आजोबांनी आपल्या पैशानं फोडली इतकंच. सोनं देऊन दगड विकत घेतलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. आणि हा माणूस सात वर्षं दगडातून सोनं निघताना बघत बसलेला! 1974 मधला माझ्या आईच्या लग्नातला फोटो मी लातूरहून बरोबर नेला होता. मावशीनं दोन्ही शेजारी ठेवले. दुसऱ्यात आजीच्या गळ्यात काळी पोत, बस्स.

मग एकेक फोटो हातात घेऊन मावशी बोलत राहिली. पहाटेचा भोंगा. पाळीवर जाताना प्रत्येकाचा पितळी बिल्ला, नंबर कोरलेला. तो आजोबांच्या खिडकीत द्यायचा, वर आल्यावर परत न्यायचा. एखादा बिल्ला खिडकीतच राहिला की माणूस अजून खाली आहे, हे आधी आजोबांना कळायचं. अशा वेळी ते जेवायला घरी येत नसत. फोटो काढायचा तो कोलारहून आलेला एक तमिळ फोरमन. त्याच्याकडं बॉक्स कॅमेरा होता. रविवारी तो कॅम्पात फिरे, बायका पदर सावरून ओळीनं उभ्या राहत. कॅम्पात कानडी, तेलुगू, तमिळ, उर्दू, आणि आमचं एक मराठी घर. मावशी आजही दोन वाक्यांपुरतं कानडी बोलते आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला जाते तेव्हा पंजाबी बायकांशी तिसऱ्याच भाषेत.

सगळ्यांत मोठा फोटो गटाचा. खुर्च्यांवर साहेब, मागं उभे कारकून आणि मेस्त्री, आजोबा डावीकडून चौथे, शेरवानीवर. खाली जमिनीवर पाय दुमडून बसलेले खाणकामगार, अनवाणी, काहींच्या मांडीवर कार्बाइडचे दिवे. एका कडेला पाट्या डोक्यावर घेतलेल्या तीन बाया. 1952 च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखाली कामाला बंदी होती, त्या वरच्या दगडाच्या कामावर. फोटोच्या मागं आजोबांनी उर्दूत नावं लिहिली आहेत. ती मी नंतर लातूरला गुरुजींकडून वाचून घेतली. खुर्च्यांवरच्या सगळ्यांची नावं आहेत, उभ्या रांगेतल्या निम्म्यांची. जमिनीवर बसलेल्यांपुढं एकच शब्द आहे: मज़दूर. बायांविषयी काही नाही. खाली उतरून सोनं आणणारे तेच, आणि नाव तेवढं त्यांचंच नाही. आजोबांचा राग यावा असं हे आहे. पण बिल्ल्याचे नंबर पाठ असणाऱ्या माणसाला नावं येत नसतील असं मला वाटत नाही. लिहायची रीतच नव्हती.

किल्लारीच्या भिंतीवरच्या त्या हरवलेल्या फोटोविषयी विचारलं. मावशीला तो लख्ख आठवतो. केजच्या दारात आठ-दहा माणसं, खाली जायच्या तयारीत, आणि त्यांच्यात आजोबा. ते जन्मात एकदाच खाली उतरले होते. वर आले तेव्हा काय म्हणाले, हे तिनं दोनदा सांगितलं: खाली जुन्या लोकांचं काम आहे. कुणी, कधी खणलं माहीत नाही, पण आपल्या आधी कुणीतरी इथं येऊन गेलंय.

हे काही आजोबांच्या मनाचे खेळ नव्हते. हट्टीला प्राचीन खाणकाम सापडलेलं आहे, खूप खोलवर, आणि त्यातल्या लाकडाचं वय सुमारे दोन हजार वर्षं निघालं. त्या काळी आग लावून दगड तापवायचा, तडकला की फोडायचा. जवळच्या मस्कीला 1915 मध्ये बीडन नावाच्या खाण-इंजिनिअरला अशोकाचा शिलालेख सापडला. तोवरच्या लेखांत राजा स्वतःला नुसता देवानांपिय म्हणवत होता. तो देवानांपिय म्हणजे अशोकच, हे मस्कीच्या दगडानं नावानिशी सांगितलं. सोनं शोधायला गेलेल्या माणसाला सम्राटाचं नाव मिळालं. हट्टीला तेव्हा चालू असलेली इंग्रज साहेबांची खाण पुढं पहिल्या महायुद्धानंतर बंद पडली. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून टाइम साप्ताहिकानं 1937 मध्ये निजामाचा फोटो मुखपृष्ठावर छापला, तेव्हा निजामाच्या हट्टीतून सोनं निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या नातवानं मला सराफ्यात नेलं. दुकानं उघडायच्या आधी. एक बाई आणि तिचा मुलगा दुकानांपुढची धूळ आणि नालीतला गाळ ब्रशनं ओढून घमेल्यात भरत होते. झारेकरी. कारागिरांच्या कानशीतून, ठिणगीतून उडालेला कण शेवटी पायरीखाली जातो, तो हे लोक धुऊन काढतात. मुलानं घमेल्यात पाणी घेऊन गोल फिरवलं. हलकी माती पाण्याबरोबर वाहून गेली, तळाला काळसर जड रेती राहिली. तिच्यात पारा घोळवायचा, पारा सोन्याला धरतो, मग आगीवर पारा उडवायचा. त्याच्या बोटांना हातमोजे नव्हते. जुन्या खाणींतही हेच करत, फक्त यंत्रानं. कधी किती मिळतं असं विचारल्यावर बाईनं उत्तर देण्याऐवजी ब्रश पुढं सरकवला. मी फोटो काढू का म्हटलं. "काढा," ती म्हणाली, "पण पेपरात नका देऊ." दिला नाही. मात्र दोघांची नावं विचारून लिहून ठेवली आहेत.

मावशीनं डबा माझ्या हवाली केला. आता ते फोटो लातूरला आहेत, स्कॅन केलेले, एक प्रत किल्लारीला मामा-आजोबांच्या मुलाकडं पोहोचलेली.

हे सगळं लिहिण्यामागं एक स्वार्थ आहे. निजामाच्या राज्यात आपली माणसं कुठंकुठं विखुरली होती: बोधनच्या साखर कारखान्यात, शहाबादच्या सिमेंटमध्ये, सिंगरेणीच्या कोळशात, नांदेडच्याच उस्मानशाही मिलमध्ये. त्यांचे फोटो लातूर-नांदेडच्या कपाटांत, ट्रंकांत, माळ्यावर पडून आहेत. काळ्यापांढऱ्या फोटोतलं चित्र चांदीच्या कणांचं असतं, ओल लागली की कडा आरशासारख्या चमकायला लागतात आणि चेहरे विरतात. तेव्हा कृपा करून ते चिकट पानांच्या प्लॅस्टिक अल्बमात घालू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. मागं उर्दू असेल तर वाचणारा माणूस जिवंत आहे तोवर वाचून घ्या. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि सुरुवात जमिनीवर बसलेल्यांपासून करा.